पँगबर्नच्या चार वाटा



इतिहासाच्या व्याख्यानाला येताना आपण राजे, लढाया आणि तह ह्यांची अपेक्षा धरून येता, हे मला ठाऊक आहे. मी त्यांतले फारसे काही आणलेले नाही. इंग्लंडात थेम्स नदीच्या काठी पँगबर्न नावाचे एक मोठे खेडे आहे. वस्ती सुमारे तीन हजार. त्या गावाची जागा कशी आहे, तेथे लोक कसकसे येत-जात आले, एवढाच माझा विषय आहे.

मी कामगार चळवळीतला माणूस. शाळा लवकर सुटली. भूगोल शिकलो तो रेल्वेच्या वेळापत्रकांतून आणि सार्वजनिक वाचनालयातल्या नकाशांतून. पँगबर्न मी डोळ्यांनी पाहिलेले नाही. पण नकाशा पुढे घेतला की तीन प्रश्न विचारायची मला सवय आहे. ही वाट कोणी बांधली? तिची मालकी कोणाकडे गेली? आणि तिच्यावरून जायचे दाम कोण मोजतो? मोठ्या शहरात ह्या प्रश्नांची उत्तरे शोधणे कठीण, कारण तेथे एका वाटेवर दुसरी चढते आणि जुनी खूण पुसली जाते. पँगबर्नला नदी, पूल, लोहमार्ग आणि सडक अशा चार वाटा हाताच्या अंतरावर आजही शेजारी-शेजारी उभ्या आहेत. म्हणून हे गाव निवडले.

प्रथम जागा पाहू. थेम्स ऑक्सफर्डकडून दक्षिणेला येते आणि तिच्या वाटेत खडूच्या दगडाच्या टेकड्यांची एक लांबच लांब रांग आडवी येते. नदीने ही रांग कापून मार्ग काढला आहे. पूर्वेच्या बाजूला चिल्टर्नच्या टेकड्या, पश्चिमेला बार्कशायरची उघडी माळराने, आणि मधल्या अरुंद दरीतून नदी. ह्या दरीला गोअरिंगची खिंड म्हणतात. खिंड जेथे संपते आणि नदी पूर्वेकडे रेडिंग शहराच्या दिशेने वळते, तेथे दक्षिण काठावर पँगबर्न वसले आहे. रेडिंग तेथून सहा मैलांवर.

गावातून एक छोटी नदी वाहते. तिचे नाव पँग. खडूच्या टेकड्यांत मुरलेले पावसाचे पाणी झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते आणि त्यावर ही चौदा-एक मैलांची नदी चालते. पँग जेथे थेम्सला मिळते तेथेच गाव झाले. कारण तेथे प्यायला स्वच्छ पाणी, चक्की चालवायला प्रवाह आणि गुरांना कुरण ही तिन्ही एकत्र मिळाली. गावाचे नाव सन ८४४ च्या एका सनदेत येते. त्याचा अर्थ ‘पेगाच्या लोकांचा ओढा’ असा सांगतात. पेगा कोण, हे काळाने गिळले, ओढा राहिला.

समोरच्या, म्हणजे उत्तरेच्या काठावर व्हिट्चर्च हे गाव आहे. ते लहान. दोन्ही गावे एकमेकांना हाक मारता येईल इतकी जवळ; पण पँगबर्न बार्कशायर परगण्यात आणि व्हिट्चर्च ऑक्सफर्डशायरमध्ये. नदी हीच सरहद्द. एक गोष्ट येथे ध्यानात ठेवा. तीच नदी लंडनकडे माल नेणाऱ्याला रस्ता होती आणि शेजारच्या गावी जाणाऱ्याला भिंत होती. लांबच्याची सोय आणि जवळच्याची अडचण हे नाते पुढे प्रत्येक वाटेच्या बाबतीत पुन्हा दिसणार आहे.

पहिली वाट नदीची. आपणांस वाटेल, नदी ही निसर्गाची देणगी. तिच्यावर मालकी कोणाची असणार? पण थेम्सवर मैला-दोन मैलांवर बांध होते आणि बरेचसे बांध पाणचक्कीवाल्यांच्या ताब्यात होते. चक्कीला पाणी साठवायला हवे, पडावाला ते सोडायला हवे. बांधाच्या मधला एक गाळा फळ्या आणि खांब लावून बंद केलेला असे. पडाव आला की त्या फळ्या एकेक करून उपटायच्या. साठलेले पाणी धो धो सुटायचे आणि खाली जाणारा पडाव त्या लोंढ्यावर बसून पलीकडे निघायचा. वर येणाऱ्याला मात्र त्याच लोंढ्याच्या तोंडी दोर बांधून, रहाटाने ओढून चढवावे लागे. ह्यात पडाव फुटत, माणसे बुडत. शिवाय चक्कीवाल्याला पैसे द्यायचे. आणि पाणी कमी असेल तर तो म्हणेल तोवर खोळंबून राहायचे.

त्या काळी पडाव ओढायला घोडे नव्हे, माणसांच्या टोळ्या लागत. खांद्याला दोर लावून, चिखल तुडवीत, काटेरी झुडपांतून ही माणसे लंडनहून वरच्या गावांपर्यंत माल ओढून नेत. कोळसा आणि किराणा वर जाई. धान्य, पीठ, मद्यासाठी भिजवून भाजलेला जव आणि लाकूड खाली लंडनला जाई. त्या टोळ्यांतल्या माणसांची नावे कोणत्याही पोथीत नाहीत. चक्कीवाल्यांच्या नावांची कागदपत्रे मात्र सापडतात, कारण त्यांच्याकडे हक्क होता आणि हक्काला कागद लागतो.

१७५१ मध्ये पार्लमेंटाने कायदा करून थेम्सवरील वाहतुकीसाठी एक मंडळ नेमले. नदीकाठचे शेकडो जमीनदार त्याचे सभासद. ह्या मंडळाने पुढे जुन्या बांधांशेजारी नव्या तऱ्हेची लॉके बांधली. व्हिट्चर्चचे लॉक १७८७ मधले. ह्याची युक्ती साधी आहे. दोन दारांमध्ये एक हौद. पडाव आत घ्यायचा, मागचे दार लावायचे, पाणी भरायचे किंवा सोडायचे, पुढचे दार उघडायचे. लोंढा नाही, रहाट नाही, बुडण्याची भीती नाही. काठाने घोड्यांसाठी वाटही तयार झाली. पण काठावरच्या जमीनदारांनी सगळीकडे जागा दिली नाही. त्यामुळे ही वाट कधी ह्या काठाला, कधी त्या काठाला. आणि दर वेळी घोडा नावेत घालून पलीकडे न्यायचा. नकाशावर ती वाट अशी उड्या मारताना दिसते तेव्हा समजावे की त्या जागी नदीचे वळण नव्हे, मालकाची मर्जी उभी आहे.

दुसरी वाट पुलाची. व्हिट्चर्च आणि पँगबर्न ह्यांच्यामध्ये पूर्वी नाव चालत असे. १७९२ साली पार्लमेंटाच्या कायद्याने एक कंपनी स्थापन झाली आणि तिने लाकडी पूल बांधला. सरकारने पैसा घातला नाही. भागीदारांनी भांडवल घातले आणि त्याच्या बदल्यात टोल घेण्याचा हक्क त्यांना कायमचा मिळाला. पुलाची डागडुजीही त्यांच्याच गळ्यात. पहिला पूल जीर्ण झाला, तेव्हा १८५३ च्या सुमारास दुसरा लाकडी पूल झाला. १९०२ मध्ये लोखंडी पूल आला. २०१४ मध्ये तो पुन्हा नवा बांधण्यात आला. पूल चार झाले, कंपनी तीच राहिली. थेम्सवर असा खाजगी टोलचा पूल आता आणखी एकच आहे, वर ऑक्सफर्डजवळ स्विनफर्डला, १७६९ मध्ये खुला झालेला.

ह्या व्यवस्थेला मी नुसती शिवी देऊन पुढे जाणार नाही. बांधणाऱ्याने जोखीम घेतली होती, आणि त्या वेळी दुसरे कोणी पूल बांधायला पुढे आले नव्हते. टोल वाढवायचा तर आज कंपनीला सरकारची संमती लागते, आणि पायी किंवा सायकलने जाणाऱ्याकडून काही घेत नाहीत. हा पायी चालणाऱ्याचा मान मला मोठा वाटतो. परंतु मोटारवाल्याला अजून नाणे काढावे लागते. बापजाद्यांनी पूल ओलांडण्याचे पैसे दिले, नातू देतो आहे. भांडवल केव्हा फिटले, ह्याचा हिशेब ओलांडणाऱ्याला कधी विचारता येत नाही. ‘कायमचा’ हा एक शब्द कायद्यात किती जपून घालावा, हे ह्यावरून शिकण्यासारखे आहे.

आता क्षणभर आपल्या देशाकडे वळतो. कारण ह्याच दरीत आपला धागा गुंतलेला आहे. पँगबर्नपासून दोन-अडीच मैलांवर बेझिल्डन पार्क म्हणून एक भव्य दगडी वाडा आहे. तो १७७६ नंतर बांधविला सर फ्रान्सिस साइक्स ह्याने. हा गृहस्थ ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर. बंगालमध्ये, कासिमबझारला त्याने अपार पैसा केला. पँगबर्न आणि रेडिंग ह्यांच्यामध्ये पर्ली हॉल नावाचे दुसरे घर आहे. तेथे वॉरन हेस्टिंग्ज भाड्याने राहत होता. १७८२ मध्ये मराठ्यांशी सालबाईचा तह झाला तेव्हाचा हाच गव्हर्नर जनरल. १७८८ मध्ये त्याच्यावर पार्लमेंटापुढे खटला सुरू झाला आणि १७९५ मध्ये तो निर्दोष सुटला. त्या मधल्या काळातली बरीच वर्षे त्याने ह्या दरीत काढली. लंडन जवळ, रस्ता बरा, नदी सुंदर. बंगालच्या रयतेचा पैसा ज्या वाटांनी फिरला त्यांत थेम्सकाठची ही वाटही होती, एवढे नोंदवून पुढे जातो.

तिसरी वाट लोहमार्गाची, आणि तिच्यापाशी मी जरा थांबणार आहे.

१८३५ मध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वे कंपनीला कायद्याने परवानगी मिळाली. लंडन ते ब्रिस्टल असा मार्ग. तिचा इंजिनिअर इझंबार्ड किंग्डम ब्रुनेल वयाने तिशीच्या आतला. लंडनहून बाथला जाणारा जुना हमरस्ता रेडिंगवरून नैर्ऋत्येला जातो आणि पँगबर्नला बाजूला टाकतो. ब्रुनेलने त्या रस्त्याची पाठ सोडली. त्याने पाहिले की गोअरिंगच्या खिंडीतून नदीने डोंगर आधीच कापून ठेवला आहे; बोगदा न खणता गाडी पलीकडे जाऊ शकते, आणि ऑक्सफर्ड व ग्लॉस्टरकडे फाटेही काढता येतात. लंडनपासून पुढच्या डिडकॉटपर्यंत त्याने चढ ठेवला तो बहुतेक ठिकाणी १३२० फुटांत एक फूट. इतका सौम्य चढ त्या काळी कोणाच्या स्वप्नातही नव्हता. पँगबर्नपासून मार्ग नदीला बिलगून निघतो, गेटहॅम्प्टनला विटांच्या कमानींच्या पुलावरून नदी ओलांडतो आणि मोल्सफर्डला तशाच पुलाने पुन्हा अलीकडे येतो. ते पूल आजही वापरात आहेत. ३० मार्च १८४० रोजी गाडी रेडिंगला पोचली, १ जूनला पँगबर्नवरून पुढे गेली, आणि ३० जून १८४१ रोजी ब्रिस्टलपर्यंतचा सारा मार्ग खुला झाला.

ब्रुनेलचे पुतळे आहेत, आणि ते असावेत. पण माती कोणी उपसली? रेडिंगच्या पूर्वेला सॉनिंग येथे जवळजवळ दोन मैल लांब आणि काही ठिकाणी साठ फूट खोल अशी खाच खणावी लागली. बाराशेहून अधिक मजूर फावडी, कुदळी आणि हातगाड्या घेऊन तेथे राबले. रेडिंगच्या सेंट लॉरेन्स चर्चच्या आवारात हेन्री वेस्ट नावाच्या एका कामगाराचे स्मारक आहे. गाडी सुरू होण्याच्या सहा दिवस आधी, २४ मार्च १८४० रोजी, स्टेशनच्या छपरावर काम करीत असता वावटळीने त्याला उचलले आणि त्यात तो मेला. त्याच्या सोबत्यांनी त्याची आठवण ठेवली. असे नाव मागे राहणे हे त्या हजारोंत क्वचितच कोणाच्या नशिबी आले.

पुढच्या वर्षीची हकीकत ह्याहून भयंकर आहे. १८४१ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी पहाटे लंडनहून एक मालगाडी ब्रिस्टलकडे निघाली. तिच्यात इंजिनाच्या लगेच मागे तिसऱ्या वर्गाचे उतारू, उघड्या आणि बुटक्या डब्यांत. त्यांपैकी बरेच जण लंडनमध्ये नव्या पार्लमेंटाची इमारत बांधणारे पाथरवट. सणासाठी घरी चालले होते. सॉनिंगच्या खाचेत पावसाने दरड कोसळली होती. इंजिन मातीत रुतले आणि मागच्या मालाच्या डब्यांनी त्या उघड्या डब्यांचा चुराडा केला. आठ माणसे जागच्या जागी गेली, नववा पुढे गेला. अपघात झाला नसता तर हेच डबे थोड्या वेळाने पँगबर्नवरून गेले असते. ज्या सभागृहाच्या भिंती त्या माणसांनी रचल्या, त्याच पार्लमेंटाला मग १८४४ मध्ये कायदा करावा लागला. प्रत्येक कंपनीने दररोज निदान एक गाडी अशी सोडावी की तिच्यात तिसऱ्या वर्गाला छप्पर असेल, वेग ताशी बारा मैलांच्या खाली नसेल आणि भाडे मैलाला एक पेनीहून जास्त नसेल.

हा हिशेब पँगबर्नला लावून पाहा. लंडनचे पॅडिंग्टन स्टेशन तेथून साडेएकेचाळीस मैल. म्हणजे भाडे झाले सुमारे साडेतीन शिलिंग. त्या सुमारास दक्षिण इंग्लंडात शेतमजुराची आठवड्याची कमाई आठ-नऊ शिलिंगांच्या आत-बाहेर. एकदा लंडनला जाऊन यायचे तर आठवड्याची बहुतेक मजुरी संपली. कायद्याने दार उघडले. आत जायला पुरेसा पगार लागतो, आणि तो कायद्याने आपोआप मिळत नाही. तो मिळविण्यासाठी १८७१ मध्ये इंग्लंडातल्या रेल्वे नोकरांनी आपली संघटना काढली. टॅफ व्हेल रेल्वेच्या संपाबद्दल १९०१ मध्ये न्यायालयाने त्या संघटनेला नुकसानभरपाईस जबाबदार धरले. कामगारांनी ती सोसली, मतपेटीपर्यंत नेली आणि १९०६ मध्ये संपाच्या हक्काचे संरक्षण करणारा कायदा करवून घेतला. १९११ मध्ये देशभर रेल्वेचा पहिला सार्वत्रिक संप झाला. रूळ जितके लांब गेले तितकी माणसे एका सुतात ओवली गेली, हे कंपन्यांच्या ध्यानी उशिरा आले.

रुळांवरून एक गोष्ट सांगायची राहिली. ब्रुनेलने रुळांमधले अंतर सात फूट पाव इंच ठेवले. इतरांचे चार फूट साडेआठ इंच. दोन मापांचे मार्ग जेथे भेटत तेथे सारा माल हमालांनी एका गाडीतून दुसरीत टाकायचा. १८४६ मध्ये पार्लमेंटाने अरुंद माप प्रमाण ठरविले, पण ग्रेट वेस्टर्नचे रुंद रूळ पूर्णपणे निघाले ते १८९२ मध्ये. लॉर्ड डलहौसी हा हिंदुस्थानात येण्यापूर्वी तिकडे रेल्वे खात्याचे काम पाहत होता. हा घोळ त्याने जवळून पाहिला होता. म्हणून येथे एकच माप असावे असा त्याने आग्रह धरला, आणि साडेपाच फुटांचे रूळ ठरले. १८५३ मध्ये बोरीबंदराहून ठाण्याला गेलेली गाडी त्याच मापावर धावली. पुढे येथेही पैसा वाचविण्यासाठी मीटर गेज आले आणि हमालांच्या पाठी वाकल्या, ही गोष्ट निराळी.

लोहमार्ग आला आणि नदीवरचा माल आटला. लॉकांचे उत्पन्न इतके घसरले की १८६६ मध्ये वरच्या थेम्सचा कारभार जुन्या मंडळाकडून काढून थेम्स कॉन्झर्व्हन्सीकडे द्यावा लागला. पडावाच्या मागे पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या कुटुंबांनी काय केले असेल, ह्याचा विचार नव्या यंत्राचे कौतुक करताना अवश्य करावा. नदी मात्र रिकामी राहिली नाही. त्याच गाड्यांनी लंडनचे लोक सुटीत होड्या वल्हवायला येऊ लागले. जेरोम के. जेरोम ह्याच्या १८८९ च्या प्रसिद्ध विनोदी पुस्तकातले तिघे मित्र पावसाला कंटाळून आपली होडी सोडतात ती पँगबर्नलाच, आणि गुपचूप लंडनची गाडी पकडतात. त्या प्रसंगाला आपण हसतो. पण गाव नदीवर आहे आणि स्टेशन चार पावलांवर आहे, म्हणूनच तो घडू शकला. नदीकाठी लंडनच्या एका कापडव्यापाऱ्याने हवेशीर बंगले उठविले. मुलांसाठी नदीकाठच्या प्राण्यांची अजरामर कथा लिहिणारा केनेथ ग्रॅहॅम १९२४ मध्ये गावात येऊन राहिला आणि १९३२ मध्ये तेथेच वारला. जेथे माणसे दोर ओढीत होती तेथे आता छत्र्या आणि गाद्या आल्या.

चौथी वाट सडकेची. तिच्याविषयी थोडक्यात सांगतो. रेडिंगहून खिंडीकडे जाणारा रस्ता आणि दक्षिणेकडून बेझिंगस्टोकहून येणारा रस्ता हे दोन्ही पँगबर्नला भेटतात. लंडनहून वेल्सकडे जाणारा मोठा मोटारमार्ग १९७१ मध्ये पूर्ण झाला. तो गावाच्या दक्षिणेकडून जातो. रेल्वेचे १९४८ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले, १९९० नंतरच्या दशकात तिचा कारभार पुन्हा कंपन्यांना वाटला गेला. २०१८ पासून ह्या मार्गावर विजेच्या गाड्या धावतात. त्यांच्या तारांचे पोलादी खांब दरीचे रूप बिघडवितात, अशी तक्रार रहिवाशांनी जोरात केली. १८४० मध्ये विटांच्या कमानी नव्या होत्या; आज त्यांचेच जतन करावे म्हणून लोक भांडतात.

आणि आता तो पूल. २०१३ च्या ऑक्टोबरात व्हिट्चर्चचा पूल नवा बांधण्यासाठी बंद झाला. वसंतात खुला व्हायचा होता. पण त्या हिवाळ्यात थेम्सला मोठे पूर आले आणि काम लांबले. सप्टेंबर २०१४ पर्यंत मोटारींना गोअरिंगवरून किंवा रेडिंगवरून कित्येक मैलांचा वळसा पडला. चालणाऱ्यांसाठी मात्र एक तात्पुरता पादचारी पूल घातला होता. दूरचा वाहनवाला चरफडला. पण पायी दुकानात, स्टेशनावर जाणाऱ्या माणसाची वाट तुटली नाही. नदीने दोन गावांमध्ये घातलेली भिंत त्या एका हंगामात पुन्हा दिसली, आणि आपण रोज ज्यावरून निर्धास्त जातो ती वाट कोणीतरी बांधलेली, कोणाच्या तरी मालकीची आणि कोणाच्या तरी श्रमाने टिकलेली असते, हेही दिसले.

टेकड्यांमध्ये खिंड निसर्गाने पाडली. तिच्यातून कोणी जावे, कोणत्या डब्यात बसून जावे आणि किती पैसे देऊन जावे, हे माणसांनी ठरविले. आणि जे माणसांनी ठरविले ते माणसांनीच बदलले आहे. चक्कीवाल्याचा बांध गेला, उघडा डबा गेला, पादचाऱ्याचा टोल गेला. ह्यांतले एकही आपसूक गेले नाही. आपल्या गावी नवी वाट निघेल तेव्हा फीत कापणाऱ्याकडे जरूर पाहा. पण करारनाम्यात ‘कायमचा’ हा शब्द कोठे आहे, आणि खडी फोडणाऱ्याचे नाव कोठेच कसे नाही, हेही वाचून घ्या.